पेट्रोल गाडीतील ‘सिस्टीम टू लीन’ कोड (पी०१७१): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे प्रामुख्याने बीएस-६ काळातील, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या तीन किंवा चार सिलिंडरच्या पेट्रोल गाड्यांना धरून दिली आहेत. डिझेल गाडीचा हिशेब वेगळा असतो, त्यामुळे तो येथे घेतलेला नाही.

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१७१ दिसला. याचा नेमका अर्थ काय?

एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. इंजिनाचा संगणक, ज्याला गॅरेजमध्ये सगळे ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात, आत आलेली हवा मोजतो किंवा तिचा अंदाज घेतो आणि त्या प्रमाणात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. हिशेब बरोबर आला की नाही हे त्याला धुराच्या वाटेवरील ऑक्सिजन सेन्सरकडून कळते. जळून झाल्यावरही धुरात ऑक्सिजन शिल्लक दिसला, तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडले, म्हणजे मिश्रण ‘लीन’ झाले, असे समजून संगणक पेट्रोल वाढवतो. ही वाढ ठरावीक मर्यादेपर्यंतच करता येते, आणि बहुतेक गाड्यांत ती २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असते. तेवढे जादा पेट्रोल देऊनही धुरात ऑक्सिजन दिसतच राहिला, तर संगणक कोड नोंदवतो आणि बहुधा सलग दुसऱ्या फेरीतही तोच अनुभव आल्यावर दिवा लावतो.

म्हणजे पी०१७१ हे एखाद्या सुट्या भागाचे नाव नसून संगणकाची तक्रार आहे. कोणता भाग बिघडला हे त्यालाही ठाऊक नसते. याचा जोडीदार पी०१७४ हा कोड व्ही आकाराच्या इंजिनातील दुसऱ्या बाजूसाठी असतो. आपल्याकडच्या सरळ रांगेतील इंजिनांत एकच बाजू असल्याने तो सहसा दिसत नाही.

दिवा लागल्यावर गाडी चालवावी की जागेवरच थांबवावी?

दिवा स्थिर असेल, इंजिन मिस मारत नसेल आणि तापमान व ऑइलचे दिवे शांत असतील, तर गाडी घरी किंवा गॅरेजपर्यंत सावकाश नेता येते. मात्र दिवा लुकलुकत असेल, तर सिलिंडरमध्ये न जळालेले पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवते आहे असे समजावे आणि गाडी बाजूला घेऊन बंद करावी. कन्व्हर्टरची किंमत ऐकल्यावर टोचन करून नेण्याचा खर्च कोणालाही किरकोळ वाटेल. लीन अवस्थेत चढावर किंवा पूर्ण भरलेल्या गाडीने जोर लावणे टाळावे, कारण अशा वेळी इंजिनात ठोका येण्याचा आणि मिस मारण्याचा धोका वाढतो.

मेकॅनिक म्हणतो, ऑक्सिजन सेन्सर गेला आहे. बदलावा का?

पुरावा पाहिल्याशिवाय बदलू नये. आमच्या गॅरेजमध्ये या कोडसाठी येणाऱ्या गाड्यांत सर्वाधिक वेळा विनाकारण बदललेला भाग कोणता असे विचारल्यास माझे उत्तर हेच आहे. सेन्सर बातमी देतो. वाईट बातमी आणली म्हणून त्यालाच दोषी ठरवण्यात अर्थ नाही.

जुन्या पद्धतीचा, म्हणजे व्होल्टेज देणारा सेन्सर तपासणे अवघड नाही. इंजिन गरम असताना त्याचे वाचन साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सारखे वरखाली होत राहते, आणि लीन मिश्रणात ते ०.२ व्होल्टच्या खाली पडून राहते. अशा वेळी एकदम रेस देऊन पाहावी. क्षणभर का होईना, वाचन ०.८ च्या वर उडी मारत असेल, तर सेन्सर जिवंत आहे आणि खरे बोलतो आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड प्रकारचा असतो. त्याचे वाचन लॅम्डाच्या आकड्यात पाहावे लागते, जिथे १ म्हणजे बरोबर आणि १ च्या वर म्हणजे लीन. त्याला व्होल्टचा वरील नियम लावल्यास हमखास चुकीचा निष्कर्ष निघतो.

एक शक्यता मात्र लक्षात ठेवावी. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टच्या जोडावर किंवा पॅकिंगमध्ये फट असेल, तर धूर बाहेर जाता जाता बाहेरची हवाही आत ओढली जाते आणि चांगला सेन्सरसुद्धा नसलेला ऑक्सिजन दाखवतो. गार इंजिन सुरू करताच बोनेटखालून टिकटिक असा आवाज येऊन पाच-दहा मिनिटांनी तो कमी होत असेल, तर आधी ती फट शोधावी.

स्कॅनरवर नेमके काय पाहायचे? कोडचा नंबर पुरेसा नाही का?

पुरेसा नाही. कोड पुसण्यापूर्वी दोन गोष्टी लिहून किंवा फोटो काढून ठेवाव्यात. पहिली म्हणजे फ्रीझ फ्रेम, अर्थात कोड नोंदला गेला त्या क्षणी गाडीचा वेग, आरपीएम, लोड, पाण्याचे तापमान किती होते याची संगणकाने ठेवलेली नोंद. कोड पुसला किंवा बऱ्याच गाड्यांत बॅटरीची वायर काढली, तरी ती जाते. ‘बॅटरी काढून लावा, लाइट जाईल’ हा सल्ला त्यामुळेच महागात पडतो. लाइट जाते आणि तिच्याबरोबर पुरावाही जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे फ्युएल ट्रिम. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे संगणक या क्षणी करत असलेली दुरुस्ती, आणि लाँग टर्म ट्रिम म्हणजे अनुभवातून त्याने कायम धरून ठेवलेली दुरुस्ती. दोन्हींची बेरीज पाहावी. अधिक चिन्ह म्हणजे पेट्रोल वाढवले, उणे म्हणजे कमी केले. निरोगी गाडीत ही बेरीज उणे ५ ते अधिक ५ च्या आसपास असते, ८ किंवा १० पर्यंतही फारसे बिघडत नाही. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटला लावण्याचा साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरील ॲप एवढ्या साधनांनीही हे आकडे दिसतात, त्यामुळे मोठा स्कॅनर नाही ही सबब चालत नाही.

ट्रिमच्या आकड्यांवरून बिघाड कुठे आहे हे कसे ओळखायचे?

या साऱ्या प्रकरणाचा गाभा हाच आहे, त्यामुळे येथे घाई करू नये. इंजिन पूर्ण गरम करावे, एसी बंद ठेवावा आणि बेरीज तीन वेळा नोंदवावी: आयडलिंगला, जागेवर २५०० आरपीएमला, आणि रस्त्यावर चढ चढताना.

आयडलिंगला बेरीज मोठी आणि २५०० आरपीएमला ती उतरते असे दिसले, तर कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरते आहे. याचे कारण साध्या हिशेबात आहे. समजा, आयडलिंगला इंजिन मोजून सेकंदाला २ ग्रॅम हवा घेते आणि फाटलेल्या पाइपातून आणखी ०.४ ग्रॅम चोरून आत येते. ही चोरी मोजलेल्या हवेच्या २० टक्के झाली. रेस दिल्यावर मोजलेली हवा ८ ग्रॅमवर गेली आणि चोरी तेवढीच राहिली, तर ती फक्त ५ टक्के उरते. भोक तेच असते, पण नदीला पूर आल्यावर ओढ्याचे पाणी जाणवत नाही, तसा हा प्रकार आहे.

उलट आयडलिंगला सगळे ठीक आणि आरपीएम किंवा लोड वाढेल तशी बेरीज चढत गेली, तर पेट्रोल पुरेसे पोहोचत नाही किंवा हवा मोजणारा सेन्सर कमी मोजतो आहे. तिन्ही ठिकाणी सारखीच मोठी बेरीज आली, तर इंधनाचा दाब, इंजेक्टर, हवेचा सेन्सर आणि वर सांगितलेली एक्झॉस्टची फट यांच्याकडे वळावे.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो आपल्या रस्त्यांवरील अनेक छोट्या गाड्यांना लागू पडतो. ज्या इंजिनांत हवा थेट न मोजता मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळीतील) दाबावरून, म्हणजे मॅप सेन्सरवरून तिचा अंदाज घेतला जातो, त्यांत चोरून आलेली हवाही दाब वाढवते आणि संगणक तिच्यासाठी आपोआप पेट्रोल देतो. अशा गाडीत पाइप फाटला, तरी ट्रिम फारशी न हलता आयडलिंगचे आरपीएम चढलेले किंवा वरखाली होणारे दिसतात. त्यामुळे आपल्या गाडीत हवा थेट मोजणारा मॅफ सेन्सर आहे की मॅप, हे तपासणीपूर्वी पाहून घ्यावे. एअर फिल्टरच्या डब्याला लागूनच्या नळीवर प्लग लावलेला सेन्सर दिसला, तर तो बहुधा मॅफ असतो.

हवा चोरणारी जागा शोधण्यास सुरुवात कुठून करावी?

डोळ्यांनी आणि कानांनी. गेल्या पावसाळ्यातले एक उदाहरण सांगतो. जेमतेम तीन वर्षे वापरलेली एक हॅचबॅक आमच्याकडे आली तेव्हा तिचा ऑक्सिजन सेन्सर दुसरीकडे बदलून झाला होता आणि आठवड्याभरात दिवा परत लागला होता. आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम अधिक २४ होती आणि २५०० ला अधिक ६, म्हणजे वर सांगितलेलाच नमुना. इंजिनावरचे प्लॅस्टिकचे कव्हर उचलले, तर आत शेंगांच्या टरफलांचा ढीग आणि कव्हरखालच्या फोमचा चुरा. उंदराने तेथे संसारच मांडला होता. पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातील वायू परत हवेच्या वाटेत नेणारा रबरी पाइप वरून धडधाकट दिसत होता. हाताने वाकवल्यावर त्याच्या खालच्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढी तीन भोके दिसली आणि बोट दाबताच फुसफुस थांबली. पाइप बदलल्यावर ट्रिम अधिक ३ वर स्थिरावली. शेतघरापाशी, नदीकाठी किंवा सोसायटीच्या तळघरात गाडी लावणाऱ्यांनी पावसाळ्यात ही तपासणी सर्वात आधी करावी.

त्यानंतर एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंतची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपर्यंतची) नळी आणि तिचे क्लॅम्प पाहावेत. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल, तर फिल्टर बदलताना नळी नीट बसवायची राहिली हे कारण फार वेळा निघते. डिपस्टिक पूर्ण आत बसली आहे का आणि ऑइलचे झाकण नीट लागले आहे का, हेही पाहावे. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण सैल करून उचलल्यास हलकी ओढ जाणवणे साधारण आहे; पण ते निघता निघेना इतकी जोरदार ओढ असेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर व्हॉल्व्ह कव्हरमधील पीसीव्हीचा पडदा फाटलेला असू शकतो. ब्रेक बूस्टरचा पाइप किंवा पडदा गळत असल्यास ब्रेक दाबताना आयडलिंग बदलते आणि पेडल कडक लागते.

पर्ज व्हॉल्व्ह पुष्कळांच्या लक्षात येत नाही. टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा हा छोटा व्हॉल्व्ह उघडाच अडकला, तर वाफ संपल्यावर त्यातून नुसती हवा येते. गार इंजिन नुकतेच सुरू केल्यावर, व्हॉल्व्ह बंद असणे अपेक्षित असताना, त्याची कॅनिस्टरकडची (टाकीतील वाफ साठवणाऱ्या डब्याकडची) नळी काढून तोंडाशी बोट धरावे. ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह बदलावा. टाकी पूर्ण भरल्यानंतर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल, तर हा संशय आणखी बळावतो.

कार्ब क्लीनरचा फवारा मारून गळती शोधतात, ते योग्य आहे का?

तो ज्वलनशील असतो आणि गरम एक्झॉस्टच्या शेजारी उडवला जातो, त्यामुळे घरी हा प्रयोग करू नये. स्मोक टेस्ट हा याहून खूप चांगला मार्ग आहे: इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये अगदी कमी दाबाने धूर सोडतात आणि धूर जेथून बाहेर येतो तेथे गळती असते. मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधली बारीक फट याच पद्धतीने निर्विवाद दिसते. टर्बो गाड्यांत टर्बोच्या दाबाखालीच उघडणाऱ्या फटी या कमी दाबाच्या धुराला सापडत नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे.

हवेचा मॅफ सेन्सर साफ करता येतो का?

येतो, पण केवळ मॅफसाठी बनवलेल्या क्लीनरनेच, तारेला हात किंवा कापड न लावता, आणि पूर्ण वाळल्यावर बसवून. तेल लावलेले ‘परफॉर्मन्स’ फिल्टर बसवलेल्या गाड्यांत त्या तेलाची पुटे तारेवर चढतात आणि सेन्सर कमी हवा मोजू लागतो. ढोबळ ताळा असा की, गरम इंजिनात आयडलिंगला मॅफचे वाचन सेकंदाला इंजिनाच्या लिटरइतक्या ग्रॅमच्या आसपास असते. दीड लिटरच्या इंजिनात ते अर्ध्या ग्रॅमवर असेल, तर काहीतरी नक्कीच चुकते आहे.

गाडी सपाटीवर छान चालते, पण घाटात पिकअप जातो आणि दिवा लागतो. असे का?

वाईहून पाचगणीला पसरणीचा घाट चढताना इंजिनाला सपाटीपेक्षा कितीतरी अधिक पेट्रोल लागते, आणि दमलेला पंप नेमका तेथेच उघडा पडतो. पुष्कळ जण विरळ हवेला दोष देतात. पण उंचीवर हवा विरळ होते, म्हणजे सिलिंडरमध्ये ती कमीच जाते, आणि संगणक त्यानुसार पेट्रोल कमी करतो. निव्वळ उंचीमुळे निरोगी गाडी लीन होत नाही.

येथे इंधनाचा दाब मोजण्याला पर्याय नाही. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत तो साधारण ३ ते ४ बार असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा आणि रेस दिल्यावर तो टिकतो का हेही पाहावे. नव्या गाड्यांत फिल्टर बहुधा टाकीतल्या पंपाच्या जोडणीतच असतो, त्यामुळे ‘फिल्टर बदलून बघू’ हे म्हणण्याइतके सोपे राहिलेले नाही. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत टाकीतला पंप आणि इंजिनावरचा उच्च दाबाचा पंप असे दोन टप्पे असतात, आणि दुसऱ्याची तक्रार बहुधा पी००८७ या वेगळ्या कोडने येते.

हा कोड ई२० पेट्रोलमुळे येतो का?

एकट्या ई२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, सहसा येत नाही, आणि हे आकड्यांत दाखवता येते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याला जळायला बाहेरची हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलचे प्रमाण १४.७ असेल, तर ई१० चे साधारण १४.१ आणि ई२० चे १३.५ च्या आसपास येते. म्हणजे ई१० वर जुळवलेल्या गाडीत ई२० भरल्यास सुमारे ४ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. ट्रिमची मर्यादा २० टक्क्यांच्या पुढे असताना हे ४ टक्के सहज सामावतात. मात्र ज्या गाडीत आधीच एखादी बारीक गळती आहे आणि ट्रिम अधिक १८ वर येऊन थांबली आहे, तिला हे ४ टक्के काठावरून पलीकडे ढकलू शकतात. अशा वेळी मालकाला पेट्रोल बदलल्यावर दिवा लागला असे प्रामाणिकपणे वाटते, आणि मूळ दोष तसाच राहतो.

पेट्रोलमधील पाण्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. इथेनॉल पाणी शोषते, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. मुसळधार पावसात पेट्रोल भरल्यानंतर काही किलोमीटरच्या आत झटके सुरू झाले, तर थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसल्यास टाकी रिकामी करून घ्यावी आणि बिल व बाटली जपून ठेवावी.

गाडीला सीएनजी किट आहे. तपासणी कशी करावी?

सर्वप्रथम कोड पेट्रोलवर असताना आला की गॅसवर, हे ठरवावे. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसचे इंजेक्टर पेट्रोलच्या संगणकाने ठरवलेल्या वेळेवरच चालतात. किटची ट्युनिंग लीन असेल, तर गॅसवर चालताना पेट्रोलची ट्रिम अधिककडे सरकत जाते आणि दोष पेट्रोलच्या बाजूला नसतानाही पी०१७१ नोंदला जातो. म्हणून दोन दिवस निव्वळ पेट्रोलवर चालवून ट्रिम पाहावी; ती खाली आली, तर किटवाल्याकडे जाऊन गॅसचा फिल्टर, रेग्युलेटरचा दाब आणि मॅपिंग तपासून घ्यावे.

याच्या उलटही घडते. पुण्या-मुंबईत पुष्कळ जण टाकीत जेमतेम दोन-तीन लिटर पेट्रोल ठेवून महिनोन्‌महिने गॅसवर चालवतात. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून गार राहतो. तेच नसेल तर तो तापून दमतो, आणि जुने पेट्रोल इंजेक्टरच्या तोंडाशी चिकट थर सोडते. मग सीएनजीच्या रांगेला कंटाळून एक दिवस पेट्रोलवर लांबचा प्रवास काढला की दिवा लागतो. अशा गाडीत किमान पाव टाकी पेट्रोल ठेवावे आणि दर आठवड्याला काही किलोमीटर त्यावर चालवावे.

पीयूसी तर पास झाले. मग गाडी लीन कशी?

लीन गाडीत कार्बन मोनॉक्साइड कमीच निघतो, त्यामुळे पीयूसीची पावती या दोषाचा निकाल देत नाही.

गाडी वॉरंटीत आहे. काय काळजी घ्यावी?

बाहेर काहीही उघडू नये. अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन जॉब कार्डवर तक्रार ‘चेक इंजिन लाइट, पी०१७१’ अशी कोडसह लिहून घ्यावी आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो सोबत द्यावा. कोड पुसून गाडी परत दिली, तर कोणता भाग तपासला आणि ट्रिम किती आढळली हे लेखी मागावे. उंदराने कुरतडलेला पाइप वॉरंटीत सहसा बसत नाही; अशा वेळी विमा कंपनीकडे चौकशी करून मगच स्वखर्चाने काम करावे.

काम झाले, कोड पुसला. दोष खरोखर गेला हे कसे कळेल?

दिवा विझलेला दिसणे पुरेसे नाही, कारण तो पुसल्यामुळेच विझलेला असतो. बहुतेक गाड्यांत कोड पुसताच लाँग टर्म ट्रिमही शून्यावर येते आणि संगणक नव्याने शिकू लागतो. म्हणून गरम इंजिनावर आयडलिंग, शहरातली वाहतूक आणि हायवे अशी सगळी चाल दोन-तीन दिवस देऊन पुन्हा त्याच तीन ठिकाणी बेरीज नोंदवावी आणि पेंडिंग कोडचे, म्हणजे नोंद झाली पण दिवा अजून लागलेला नाही अशा कोडचे, पान उघडून पाहावे. बेरीज अधिक ५ च्या आत राहिली, तर काम झाले. ती हळूहळू १२, १५ अशी चढू लागली असेल, तर दिव्याची वाट न पाहता गाडी परत आणावी. आणि येताना पहिल्या तपासणीचे आकडे लिहिलेला कागद बरोबर असावा, कारण आम्ही पहिली मागणी त्याचीच करतो.